खून बघून जेवायला गेलेला माणूस

माझ्या थोरल्या काकांना खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली तेव्हा गावात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. काही वर्षांनी हायकोर्टानं त्यांना सोडलं तेव्हा मात्र सगळ्यांना वाटलं. एवढ्यावरून काका माणूस म्हणून कसे होते ते कळावं.

आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. आमचं गाव सोनपेठहून गोदावरीच्या अंगाला आहे. घराणं लिंगायत वाण्याचं. बाबांकडे भांड्यांचं दुकान आलं, अप्पांकडे शेती. अप्पा-काकूंना मूलबाळ नाही. दोन्ही घरांची भिंत एकच, त्यामुळे अप्पा जे बोलत ते आमच्या स्वयंपाकघरात आपोआप पोचायचं. रोज सकाळी ते अंघोळ करून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसत. तेवढ्यात कोणाची शेळी अंगणात शिरली, की हातातला शिव तसाच धरून ते शेळीला, तिच्या मालकाला आणि मालकाच्या आधीच्या दोन पिढ्यांना शिव्या देत. मग पूजा जिथं थांबली होती तिथून पुढे चालू. काकू म्हणायची, "देवाला बी आता सवय झाली."

अप्पांचं भांडण नाही असा माणूस गावात शोधावा लागला असता. पण त्यांचं नित्यनेमाचं भांडण होतं ते शेताच्या शेजाऱ्याशी, आणि ते बांधावरून. शेजारीही काही कमी नव्हता. नांगरटीच्या वेळी तो त्याच्या बाजूनं बांधाची नांगराच्या एका तासाएवढी माती कोरायचा, अप्पा त्यांच्या बाजूनं कोरायचे. शेवटी बांध इतका बारीक झाला होता की कुत्रंही त्यावरून जपून चालायचं. वर विहीर दोघांची सामाईक आणि मोटार एकच. त्यामुळे भांडायला शेतात काही नसलं तर पाणी असायचंच.

चहाच्या हॉटेलात बसून अप्पा उघड म्हणायचे, "एक दिवस ह्याला बांधावरच गाडतो बघा." असंच ते पोस्टमनला म्हणाले होते, लाइनमनला म्हणाले होते आणि एकदा माझ्या सख्ख्या मामांनाही म्हणाले होते. त्यातला शेजारी तेवढा मेला.

त्या दिवशी गावात आमच्या भावकीतलं लग्न होतं. शेतातली ज्वारी उभी होती, कणसं भरली होती. सगळं गाव मांडवात. आमच्या घरातून अप्पा सोडून सगळे गेलो होतो. अप्पा गेले नाहीत, कारण लग्नपत्रिकेत त्यांचं नाव बाबांच्या नावाखाली छापलं होतं. थोरल्याचं नाव खाली म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी पत्रिका चुलीत घातली आणि दुपारी घरातच झोपले. हे त्यांनी नंतर पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं, न्यायाधीशांना सांगितलं. पण झोपलेल्या माणसाला बघायला घरात कोणी नव्हतं.

उन्हं उतरायच्या सुमाराला शेजाऱ्याची बायको शेतात गेली, तर तो बांधावर पडलेला. डोकं फुटलं होतं. मांडवात बातमी आली तेव्हा शेवटची पंगत उठत होती. कोणीतरी विचारलं, "कोणी मारलं?" आणि चार-पाच माणसांनी एकदमच काकूकडे बघितलं. काकूच्या हातात वाढायचं पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं आणि घरी निघाली. मी तिच्या मागून. घरी अप्पा ओसरीत बसून पायाची नखं काढत होते. काकूनं विचारलं, "तुमी शेतात गेलते का?" अप्पा म्हणाले, "कामून? मोटार जळली का काय?"

संध्याकाळी पोलिसांनी त्यांना नेलं.

तोवर पुरावा असा काही नव्हता. गावाची खात्री होती, पण ती कोर्टात चालत नाही. तिसऱ्या दिवशी एक माणूस ठाण्यात गेला आणि म्हणाला, मी डोळ्यांनी बघितलं.

या माणसाला आमच्या भागात सगळे ओळखतात. लग्नं जुळवणं हा त्याचा धंदा, आणि जुळलेलं नसलं तरी जेवणं हा त्याचा स्वभाव. पंचक्रोशीतली एक पंगत त्यानं चुकवली नसेल. त्या दुपारी तो शेजारच्या गावाहून पाऊलवाटेनं आमच्याकडच्या लग्नाला येत होता. त्याचं म्हणणं असं, की ज्वारीच्या पलीकडे बांधावर अप्पांनी शेजाऱ्याला कुऱ्हाडीनं मारताना त्यानं पाहिलं. मग तो भ्यायला. मग तो लग्नाला आला. मग तो जेवला.

परभणीच्या कोर्टात आमच्या तिथल्या वकिलानं त्याला हे सगळं उलटतपासणीत विचारलं. मी मागच्या बाकावर होते.

"खून बघितल्यावर तुम्ही कुठे गेलात?"

"लग्नाला."

"तिथं कोणाला सांगितलं?"

"न्हाई. गडबड होती."

"जेवलात?"

"हो."

"काय काय होतं?"

साक्षीदाराचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "वांग्याची भाजी, पुरी, वरण-भात, बुंदी. भजे होते, पर गार झालते."

हे सगळं इंग्रजीत टाइप झालं, भज्यांसकट. पण न्यायाधीशांचं मत पडलं, की खेड्यातला माणूस घाबरल्यावर कसा वागेल याचा नेम नसतो, आणि त्याला खोटं बोलायचं कारण दिसत नाही. अप्पांनी चारचौघांत दिलेल्या धमक्याही होत्याच. त्या सांगायला निम्मं गाव आलं होतं. पोस्टमनसुद्धा आला होता. जन्मठेप झाली.

निकाल ऐकून अप्पा पहिलं वाक्य पोलिसाला बोलले, "हात सोड, मला चालता येतं." काकू कोर्टाच्या पायरीवर बसली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "ह्यांनी मारलं असतं तर मला सांगितलं असतं. आठवडाभर सांगत बसले असते. गप बसायचं ह्यांना कुठं जमतंय."

मी बी.कॉम. झाले होते आणि बाबांबरोबर दुकानात बसत होते. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, म्हणून अपिलाचं काम माझ्याकडे आलं. अपील म्हणजे काय हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. मला वाटायचं हायकोर्ट पुन्हा सगळ्यांना बोलावेल, साक्षीदाराला पुन्हा उभं करील आणि या वेळी तो खरं बोलेल. तसं काही नसतं. हायकोर्टात माणसं बोलवत नाहीत. खालच्या कोर्टातले सगळे कागद एकत्र शिवून त्याचं जाड पुस्तक करतात, त्याला पेपर बुक म्हणतात, आणि ते पुस्तक वाचून दोन न्यायाधीश ठरवतात.

त्या पुस्तकात कोणाला नाव नसल्यासारखंच होतं. अप्पा म्हणजे आरोपी नंबर एक, जरी दोन नंबरचा आरोपी कोणी नव्हता तरी. पंगतीतला माणूस म्हणजे पीडब्ल्यू टू, सरकारतर्फेचा साक्षीदार नंबर दोन. मी संध्याकाळी दुकान बंद झालं की काकूला एकेक पान मराठीत सांगायची. काही दिवसांनी आमच्या घरात त्याचं नावच ते पडलं. बाजारातून येऊन काकू म्हणायची, "पीडब्ल्यू टू दिसला. लय सुटलाय."

अपील दाखल झालं आणि पडून राहिलं. जामिनाचा अर्ज फेटाळला गेला. आम्ही दर काही महिन्यांनी संभाजीनगरला जायचो, तुरुंगात अप्पांना भेटायचं आणि वकिलाकडे जाऊन 'अजून नंबर लागला नाही' हे ऐकून यायचं. पाथरी, सेलू करत देवगाव फाट्याला उतरायचं आणि तिथून जालन्याकडची एसटी धरायची. फाट्यावर चहा प्यायचा हा काकूचा नियम होता. चहा वाईट असायचा. काकू म्हणायची, "तिथं गेल्यावर ह्यांचं तोंड बघायचंय, त्याच्या आधी काहीतरी कडू पोटात गेलेलं बरं."

तुरुंगातली भेट जाळीपलीकडून. अप्पा वाळले होते, पण आवाज तसाच. ते वरणाबद्दल तक्रार करायचे, बराकीतल्या घोरणाऱ्याबद्दल तक्रार करायचे, आमच्या वकिलाबद्दल करायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "अप्पा, खरं सांगा, तुम्ही होता का तिथं?"

त्यांना राग आला. पण मी विचारलं याचा नाही आला. "डोकं हाय का तुला? मला मारायचं असतं तर मी त्याला त्याच्या रानात मारला असता. पडला कुठं बघ. माझ्या हद्दीत. पंचनाम्यात लिहिलंय. मरतानाबी माझीच जागा खाल्ली त्यानं."

मी वकिलाला हे सांगितलं नाही.

त्याच भेटीत निघताना अप्पांनी काकूला विचारलं, "बैलं कशी हायत?" बैल तर आदल्या वर्षीच विकले होते, करायला कोणी नव्हतं म्हणून. काकू म्हणाली, "बरी हायत." अप्पा म्हणाले, "ढवळ्याला पेंड जास्त घालू नको, पोट धरतं त्याचं." काकूनं मान हलवली. परतीच्या गाडीत ती देवगाव फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती, आणि फाट्यावर तिनं चहा घेतला नाही.

इकडे शेत होतं आणि विहीर होती. शेजाऱ्याची बायको तिच्या रानात, काकू तिच्या रानात, मोटार दोघींची. नवऱ्यांची भांडणं असतानाही या दोघी बऱ्या होत्या. ती काकूला अक्का म्हणायची, सणाला वाटी यायची-जायची. खुनानंतर सगळं बंद झालं. पण पाणी दोन दिवस एकीच्या पिकाला, दोन दिवस दुसरीच्या, हे ठरवायला बोलावं तर लागणार. पहिलं वर्ष ती बांधावर उभी राहून हवेत बोलायची, "उद्यापासून माझी पाळी हाय." काकूही हवेतच म्हणायची, "माहीत हाय." पुढे एकदा भर हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी मोटार जळली. दोघींनी मिळून ती वर ओढून काढली, टेम्पोत घालून सोनपेठला नेली आणि जळलेल्या तारांचं वायंडिंग होईपर्यंत दुकानापुढच्या एकाच बाकड्यावर बसल्या. तिथं ती काकूला म्हणाली, "तुमच्या माणसानंच मारलं असं मला वाटतं." काकू म्हणाली, "वाटू द्या. मला न्हाई वाटत." मग मोटार झाली आणि दोघी तिच्यासकट परत आल्या.

त्यानंतर बोलणं वाढलं असं नाही, पण हवेत बोलणं थांबलं. त्या पावसाळ्याआधी काकूनं एक गोष्ट केली. तो झिजलेला बांध तिनं नीट घालून घेतला, अप्पा ज्या रेघेवर हक्क सांगायचे तिच्या बऱ्याच अलीकडे. वादातली सगळी पट्टी तिकडे गेली. बाबा म्हणाले, "वहिनी, अप्पाला कळलं तर?" काकू म्हणाली, "त्यांना जाळीतून दिसत न्हाई."

शेवटी अपिलाचा नंबर लागला. आमचे हायकोर्टातले वकील मूळचे जिंतूरकडचे. आमच्याशी आमच्यासारखं बोलायचे आणि कोर्टात इंग्रजी. ऑफिसात बसले की टेबलाखाली चप्पल काढून ठेवत आणि उठायची वेळ आली की पायाच्या बोटांनी ती शोधत बसत. सुनावणीच्या आधी त्यांनी काकूला केस समजावून सांगायचं ठरवलं.

"मावशी, आपला सगळा जोर एका गोष्टीवर हाय. हा साक्षीदार म्हणतो, मी डोळ्यानं खून बघितला. आणि बघून काय केलं? पंगतीला बसला. आता तुमीच सांगा, डोळ्यासमोर माणूस मारल्यावर कोणाच्या घशाखाली घास उतरंल?"

"त्याच्या उतरतो," काकू म्हणाली.

"काय?"

"त्याच्या उतरतो की. मीच होते ना वाढायला. बुंदी परत मागून घेतली त्यानं. सख्ख्या चुलत्याची माती करून थेट बारशाला गेलता तो. सगळ्या गावाला माहीत हाय."

वकिलांचा पाय टेबलाखाली जागच्या जागी थांबला. ते म्हणाले, "मावशी, उद्या कोर्टात तुमी मागं बसा. लय मागं."

बाहेर आल्यावर काकूनं मला विचारलं, "हा वकील ह्यांना सोडवायला खोटं बोलायलाय का?" मी म्हटलं, खोटं नाही, सर्वसाधारण माणूस कसा वागतो ते तो न्यायाधीशांना सांगणार. काकू विचार करत चालली. मग म्हणाली, "त्या साहेबांनी आमच्याकडची पंगत बघितलेली नसंल, एवढंच."

सुनावणीच्या दिवशी आम्ही लय मागं बसलो. वर दोन न्यायाधीश. आमच्या वकिलांनी आधी डॉक्टरांची साक्ष वाचली. जखमा बोथट वस्तूच्या होत्या, काठी किंवा दगडाच्या. साक्षीदार तर कुऱ्हाडीचं पातं लागलेलं बघितलं म्हणतो. सरकारी वकील म्हणाले, कुऱ्हाड उलटी धरली असेल. न्यायाधीशांनी विचारलं, असं साक्षीदार कुठं म्हणाला आहे का? सरकारी वकिलांनी पानं चाळली, मग पुन्हा चाळली. मग ज्वारी किती उंच होती, पाऊलवाट किती लांब होती, हे झालं. आणि मग लग्न आलं.

आमचे वकील त्या पंगतीवर बराच वेळ बोलले. पुरी, भाजी, बुंदी, एकेक पदार्थ इंग्रजीत त्या उंच छताखाली असा गंभीरपणे निघत होता, की मला हसू येईल अशी भीती वाटली. मग सरकारी वकील उठले. ते म्हणाले, खेड्यातली माणसं वेगळी असतात, भीतीनं प्रत्येक जण वेगळा वागतो, एखादा खून बघूनही जेवायला बसू शकतो. त्यांचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. त्या दालनात हे बरोबर आहे हे जाणणारी आम्ही दोघीच माणसं होतो, आणि दोघीही देवाला विनवत होतो की यांचं कोणी ऐकू नये.

कोणी ऐकलं नाही. अपील मंजूर झालं. पुढे निकालाची प्रत आली, त्यात डॉक्टरांच्या साक्षीतली विसंगती होती, उशिरा दिलेला जबाब होता, आणि खून पाहिलेला माणूस निवांत जेवायला बसतो हे मनुष्यस्वभावाला धरून नाही, असंही होतं. त्यामुळे आरोपीला संशयाचा फायदा. कुऱ्हाडीचा मुद्दा खरा आणि पक्का होता, पण गावात त्याबद्दल कोणी बोलत नाही. गावाच्या मते अप्पांना बुंदीनं सोडवलं.

अप्पा घरी आले ते सकाळी. काकूनं ओवाळायला ताट केलं होतं. ते म्हणाले, "हे बंद कर, मी काय लढाईवरून आलो का." आणि सरळ गोठ्याकडे गेले. गोठा रिकामा होता. त्यात काकूनं सरपण रचलं होतं. ते बराच वेळ दाराला हात लावून उभे राहिले. काकूही मागून जाऊन उभी राहिली. आयुष्यात मी या दोघांना एकत्र इतका वेळ गप्प पहिल्यांदाच बघत होते.

ते फार टिकलं नाही. दुसऱ्याच दिवशी अप्पा शेतात गेले आणि बांध बघून आले. आमच्या स्वयंपाकघरातला चमचा वाजावा असा आवाज भिंतीपलीकडून आला. "माझी पट्टी कुठंय?"

"दिली," काकू म्हणाली.

"कोणाला इचारून?"

"इचारायला कोण होतं घरात?"

अप्पा म्हणाले, मी सरकारी मोजणी आणतो, उद्याच अर्ज करतो. काकू म्हणाली, "आणा. मोजणीवाल्याला चहा मी देणार न्हाई, जेवण मी देणार न्हाई, आन त्या दिवसापासून तुमालाबी देणार न्हाई. त्या पट्टीपायी एक माणूस मेला म्हणून लोक म्हणतेत. तुमी मारला नसंल. मला तर तसंच वाटतं. पर भांडून भांडून तुमीच गावाला दाखवून दिलं की हा मारू शकतो म्हणून. ह्यापुढं ती रेघ माझी हाय."

अप्पांनी रागानं आमच्याकडे जेवायला सुरुवात केली. आमच्या आईचं वरण तुरुंगातल्यापेक्षा पातळ आहे असं दुसऱ्या दिवशी म्हणाले. आईनं त्यांना काकूकडे परत पाठवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सोनपेठला एका नातेवाइकाच्या लग्नात मी पंगतीला बसले, तर शेजारी पीडब्ल्यू टू. तो मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, "बसा. वाढायला आलेत." वाढपी जवळ आल्यावर त्याला उठवेना, म्हणून तो बसला. बराच वेळ दोघंही खाली मान घालून जेवलो. मग मी विचारलं, "तुम्ही खरंच कोणाला बघितलं होतं का?"

तो पुरी मोडत म्हणाला, "बघितलं होतं, ताई. महादेवाची आण. बांधावर एक माणूस काठी का काय ते उगारायलाय, एवढं दिसलं. मी काय थांबलो न्हाई. पाठ होती माझ्याकडं. धोतर, डोक्याला रुमाल."

"मग अप्पा कसे झाले त्याचे?"

"दोन दिवस सगळे तेच म्हणायलते. हॉटेलात तेच, पारावर तेच. त्या बांधावर दुसरं कोण असंल? मला बी मग तेच दिसायला लागलं. ठाण्यात गेलो तव्हा मला तोंडसुद्धा आठवत होतं. कुऱ्हाडबी."

हे सांगताना त्याला लाज वाटत होती की नाही, मला कळलं नाही. कढी मात्र त्यानं परत घेतली नाही. त्याच्या बाबतीत हे पुष्कळ झालं.

मी घरी येऊन काकूला सांगितलं. काकूनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला विहिरीवर घेऊन गेली. शेजारीण मोटारीजवळ होती. काकू मला म्हणाली, "सांग तिला." मी सगळं सांगितलं, पाठीचं, काठीचं, रुमालाचं. ती पाटाच्या कडेला बसली. इतकी वर्षं तिच्याकडे निदान एक खुनी होता. आधी कोर्टानं तो काढून घेतला, आणि उरलेला मी काढून घ्यायला आले होते.

ती म्हणाली, "मग माझा माणूस मारला कोणी?"

ती पुढे म्हणाली, "तुमी हायकोर्टापर्यंत गेलात. ह्यांनी मारलं न्हाई एवढं ठरवायला इतके दिवस, इतकी माणसं. मारलं कोणी ते कोणाला इचारायचं?"

त्या संध्याकाळी काकूनं अप्पांना ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "तुमाला भांडल्याबिगर राहवत न्हाई ना. मग ठाण्यात जाऊन भांडा. म्हणावं, मी मारला न्हाई तर कोणी मारला ते शोधा. तिला संगं घेऊन जा."

"ती येईल माझ्यासंगं?"

"मी इचारलंय. येते म्हणाली."

अप्पांनी जेवण संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, "माझ्या पट्टीत पीक घेणाऱ्या बाईसंगं मी कामून जाऊ?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटपून, धुतलेलं धोतर नेसून फाटकाशी उभे राहिले.

लिहायला लागलं तर म्हणून मीही गेले. शेअर जीपमध्ये ती पुढे ड्रायव्हरशेजारी, अप्पा मागे. जीपमधली बाकीची माणसं एकदा तिच्याकडे बघत होती, एकदा अप्पांकडे, आणि कुठं बघावं हे न कळून माझ्याकडे. ठाण्यातले साहेब नव्यानं बदलून आले होते. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि विचारलं, काय काम आहे? तिनं सांगितलं, "माझ्या नवऱ्याचा खून झालता. त्याचा तपास परत करा." साहेबांनी अप्पांकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

"ह्यांच्यावरच केस झालती," ती म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते सभ्यपणे म्हणाले, की केस निकाली निघाली आहे, फेरतपासासाठी वरून आदेश लागतो, आणि इतक्या वर्षांनी नवीन काही हाती लागणं अवघड असतं. अप्पा म्हणाले, "मला पकडायला तर एक संध्याकाळ पुरली की तुमाला." साहेब म्हणाले, तेव्हा मी नव्हतो. अप्पा म्हणाले, "तव्हा मी बी नव्हतो तिथं. तरी मी आत जाऊन आलो." मग आवाज चढला, हवालदार आत आला. शेजारीण मधे पडली आणि म्हणाली, "अप्पा, खाली बसा. मला बोलू द्या." अप्पा बसले. त्यांना कोणी खाली बसा म्हटलं आणि ते बसले, हे मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

अर्ज मी लिहिला. तिनं सही केली. साक्षीदार म्हणून कोणाची तरी सही हवी होती, ती अप्पांनी केली. साहेबांनी अर्ज घेतला आणि वर पाठवतो म्हणाले.

अजून काही निष्पन्न झालेलं नाही. पीडब्ल्यू टू नवीन जबाब द्यायला तयार नाही. खोटी साक्ष दिली म्हणून आपल्यालाच आत टाकतील अशी त्याला भीती आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही. जिंतूरवाल्या वकिलांना मी फोन केला होता. त्यांनी काय काय करता येईल ते सांगितलं. त्याला वेळ लागेल, हेही सांगितलं.

बाजाराच्या दिवशी ती दोघं ठाण्यात जातात. ती आत जाऊन विचारते, अप्पा बाहेर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या हवालदाराशी काहीतरी कारण काढतात. परत येताना ती आमच्या दुकानाशी थांबते, पाणी पिते आणि आज काय म्हणाले ते सांगते. मागच्या खेपेला साहेब रजेवर होते. अप्पा म्हणाले की रजेवर कशाला, मला बघून मागच्या दारानं गेला तो. ती म्हणाली, "न्हाई, खरंच रजेवर हायत. मुलीचं लग्न हाय त्यांच्या." आणि अप्पांनी विचारलं, "आपल्याला बोलवलंय का?"